घटक ७ : दर्शनी भाग, मागचा भाग आणि मधले दार

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला रंगमंदिर आणि उपाहारगृह या वास्तूंमधील दर्शनी व मागच्या भागांची विभागणी स्पष्ट करता येईल. 'नेपथ्य' या शब्दाच्या अर्थात झालेले स्थित्यंतर सांगता येईल. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या विवेचनाच्या आधारे एका मराठी नाटकाचे वाचन करता येईल. आणि तुमच्या परिसरातील एखाद्या वास्तूचे या दृष्टीने निरीक्षण करून त्याविषयी टिपण लिहिता येईल.

७.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग यांतील फरक पाहिला. प्रयोग म्हणजे प्रेक्षकाला जे दिसते आणि ऐकू येते ते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला तुम्ही एखाद्या नाट्यगृहात जाता तेव्हा तुमचा मार्ग ठरलेला असतो. तिकीट खिडकी, दर्शनी दालन, भिंतीवरील दिवंगत नटांच्या तसबिरी, दारावर तिकीट फाडून देणारा कर्मचारी, मग अंधारलेले प्रेक्षागृह. त्याच वास्तूला मागच्या बाजूस आणखी एक दार असते. तेथे सकाळपासून टेम्पो उभा असतो. फ्लॅट, लेव्हल्स, ट्रंका उतरलेल्या असतात. कोणी खिळे ठोकत असतो, कोणी इस्त्री करीत असतो. तुम्ही पुढच्या दाराने येता आणि पुढच्याच दाराने जाता. मागच्या दाराने येणारी माणसे तुम्हाला दिसू नयेत, याची खबरदारी सारी वास्तूच घेत असते.

अशीच रचना उपाहारगृहात, मंगल कार्यालयात, मोठ्या हॉटेलात आढळते. या घटकात रंगमंदिर आणि आदरातिथ्याच्या जागा यांचा विचार आपण एकत्र करणार आहोत. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून हे शिक्षण घेत आहेत. कोणी भटारखान्यात, कोणी रुग्णालयात, कोणी कार्यालयाच्या मागच्या खोलीत काम करीत असेल. त्यामुळे या घटकातील बराचसा भाग तुम्हाला पुस्तकाआधी अनुभवाने ठाऊक असण्याची शक्यता आहे. त्या अनुभवाला शब्द मिळवून देणे आणि तो नाटकाच्या वाचनात उपयोगात आणणे, हे आपले काम आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ 'नेपथ्य' : एका शब्दाचा प्रवास

आज मराठीत 'नेपथ्य' म्हटले की रंगमंचावर उभारलेले दिवाणखाने, जिने, खिडक्या डोळ्यांसमोर येतात. जाहिरातीत 'नेपथ्य' या शब्दापुढे ज्याचे नाव छापलेले असते, तो हे दृश्य उभे करणारा कलावंत होय. पडदा उघडताच प्रेक्षकाला प्रथम दिसते ते नेपथ्यच. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ जवळजवळ उलट आहे. संस्कृत नाट्यपरंपरेत नेपथ्य म्हणजे नटाची वेशभूषा व रंगभूषा, आणि त्यावरून ती जेथे केली जाते ती पडद्यामागील जागा.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाच्या रचनेला वाहिलेला आहे. त्यात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार सांगितले आहेत. माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम आकाराचा मंडप योग्य मानला आहे, कारण त्याहून मोठ्या मंडपात नटाचा आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाहीत. या लांबीचा पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावयाचे. पुढच्या भागात रंगपीठ व रंगशीर्ष, आणि सर्वांत मागे नेपथ्यगृह. म्हणजे वास्तूचा सुमारे एक चतुर्थांश भाग प्रेक्षकाला कधीही न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवलेला आहे. आपल्याकडील अनेक सभागृहांच्या आराखड्यांत मागच्या बाजूला जी जागा उरते ती रंगपटाला मिळते, हे आठवले म्हणजे या जुन्या ग्रंथातील हिशेब किती व्यवहारी होता ते कळते. नेपथ्यगृहातून रंगमंचावर येण्यासाठी दोन दारे असावीत, असेही तेथे सांगितले आहे. या दारांकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

'अभिज्ञानशाकुंतल' या कालिदासाच्या नाटकाच्या आरंभी सूत्रधार आतल्या बाजूला पाहून नटीला हाक मारतो. नेपथ्याचे काम आटोपले असेल तर इकडे ये, असा त्या हाकेचा आशय आहे. येथे नेपथ्य म्हणजे सजणे. पुढे पहिल्याच अंकात राजा दुष्यंत हरिणावर बाण सोडण्याच्या बेतात असताना 'नेपथ्ये' अशी रंगसूचना येते आणि पडद्यामागून आवाज ऐकू येतो : हे आश्रमाचे हरिण आहे, याला मारू नये. येथे नेपथ्य म्हणजे जागा. लक्षात घ्या, राजाचा बाण थांबवणारा हा आवाज प्रथम न दिसणाऱ्या भागातून येतो आणि बोलणारा तपस्वी मागाहून समोर येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा या नाटकाबरोबर ही संकेतव्यवस्थाही मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची झाली.

पुढे रंगीत पडद्यांच्या जागी उभे देखावे आले, दृश्यरचना हे स्वतंत्र कलाक्षेत्र बनले आणि 'नेपथ्य' हा शब्द पडदा ओलांडून पुढे आला. मागच्या जागेसाठी मग 'रंगपट' हा शब्द रूढ झाला, शिवाय इंग्रजीतून आलेले 'विंग' आणि 'बॅकस्टेज' आहेतच. गंमत अशी की वर्तमानपत्राच्या भाषेत जुना अर्थ अजून जिवंत आहे. एखाद्या पुढाऱ्याने नेपथ्यात राहून सूत्रे हलवली असे आपण वाचतो, तेव्हा त्याने भिंती रंगवल्या असे कोणी समजत नाही.

७.३.२ शेटलंडमधील एक स्वयंपाकघर

दर्शनी भाग आणि मागचा भाग या जोडीला समाजशास्त्रात पारिभाषिक दर्जा मिळवून दिला तो अर्व्हिंग गॉफमन (१९२२–१९८२) या अभ्यासकाने. त्यांचे 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' हे पुस्तक प्रथम १९५६ साली एडिंबरो येथून आणि विस्तारित स्वरूपात १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. माणसे रोजच्या व्यवहारातही एकमेकांसमोर एक प्रकारचा प्रयोग करीत असतात, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. जेथे प्रयोग होतो ती दर्शनी जागा. जेथे त्याची तयारी होते, मुखवटा उतरवता येतो, थकवा दाखवता येतो, ती मागची जागा.

ही कल्पना केवळ तर्काने सुचलेली नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांपैकी एका बेटावर १९४९ ते १९५१ या काळात गॉफमन यांनी क्षेत्रीय अभ्यास केला. तेथील एका लहान हॉटेलाचे त्यांनी केलेले वर्णन आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. हॉटेलचे मालक-मालकीण मूळचे त्याच बेटावरील शेतकरी कुटुंबांतले. पाहुण्यांसमोर त्यांना शहरी मध्यमवर्गाची राहणी दाखवावी लागे. स्वयंपाकघरात मात्र बेटाचीच रीत चाले. मालक आणि नोकर एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारीत आणि एकत्र जेवत. चुलीवरच्या वाफाळत्या किटलीवर ओले मोजे वाळत घातलेले असत. वाढायच्या सुपावर कधी बुरशी धरे. पाहुण्यांनी अर्धवट खाल्लेल्या लोण्याला पुन्हा आकार देऊन ते दुसऱ्या पाहुण्यापुढे ठेवले जाई. हे वाचून आपल्याला किळस येते, परंतु लेखकाचा हेतू हॉटेलची बदनामी करण्याचा नाही. भोजनगृहातील टापटीप आणि स्वयंपाकघरातील मोकळेपणा या परस्परविरुद्ध गोष्टी नसून एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे त्यांना दाखवायचे आहे.

सर्वांत बोलका तपशील आहे तो या दोन जागांमधल्या दाराचा. स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवावे असे वाढणाऱ्या मुलींना वाटे. दोन्ही हातांत ताटे घेऊन जाताना उघडे दार सोयीचे. पाहुणे वाट पाहत आहेत का तेही दिसते. आणि ज्यांना आपण वाढतो त्यांच्याशी थोडासा दृष्टिसंबंध राहतो. त्या पाहुण्यांसमोर नोकर म्हणूनच वावरत असल्यामुळे स्वयंपाकघर कोणी पाहिले तरी त्यांचे काही जाणार नव्हते. मालक-मालकिणीला मात्र दार बंद हवे होते, कारण पाहुण्यांनी आतले पाहिले तर त्यांनी धारण केलेली मध्यमवर्गीय भूमिका उघडी पडली असती. या दाराची रागारागाने उघडझाप होत नसे असा दिवस क्वचितच जाई, असे गॉफमन नोंदवतात. पायाने ढकलता येणारे, छोटी काच बसवलेले दार हा यावरचा तोडगा ठरला असता, असेही ते सुचवतात.

या प्रसंगावर थोडे थांबून विचार करा. एकच दार, पण ते बंद ठेवण्यात कोणाचे हित आहे आणि उघडे ठेवण्यात कोणाचे, याचे उत्तर माणसागणिक बदलते. पुष्कळ अभ्यासपुस्तकांत 'पुढचा भाग दिखाऊ आणि मागचा भाग खरा' असे सोपे समीकरण मांडलेले आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे समीकरण विद्यार्थ्याची दिशाभूल करते. दोन्ही भाग सारखेच खरे आहेत. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न असा, की मधल्या दाराची कडी कोणाच्या हातात आहे?

७.३.३ भटारखाना, वाढपी आणि एका रात्रीचा प्रसंग

आपल्या परिचयाच्या जागांकडे वळू. जुन्या पद्धतीच्या उपाहारगृहात दारातच गल्ला असतो. मालक तेथे बसतो. येणाऱ्याचे स्वागत, पैशांचा हिशेब आणि नोकरांवर नजर अशी तिन्ही कामे त्या एका आसनावरून होतात. भटारखाना सर्वांत मागे, बहुधा कमी उजेडाचा, आणि त्याच्याही पलीकडे कपबश्या विसळण्याची मोरी. ग्राहकाने मागवलेला पदार्थ वेटर मोठ्याने ओरडून आत कळवतो. शब्द दोन जागांच्या मधून आरपार जातो, माणसे मात्र जात नाहीत. मोरीवर बसलेल्या पोऱ्याला ग्राहकाचा चेहरा दिसत नाही, त्याच्याकडे येते ती फक्त त्याची उष्टी बशी.

मंगल कार्यालयात ही विभागणी अधिक ठळक असते. पुढे बोहले, खुर्च्या, रुखवताची मांडणी; मागे पत्र्याच्या शेडखाली आचारी आणि त्याची माणसे. पंगतीत वाढपी फिरू लागला की दोन्ही जग जोडणारा तोच एक दुवा असतो. आत तो घामाघूम होऊन भांडे भरून घेतो, दारातून बाहेर पडताना खांद्यावरचे फडके सावरतो आणि पाहुण्यापुढे वाकून आग्रह करतो. ही सहा-सात पावले नीट पाहण्यासारखी आहेत. जॉर्ज ऑर्वेल यांनी पॅरिसमधील हॉटेलात भांडी घासण्याचे काम केले होते. 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' (१९३३) या पुस्तकात त्यांनी भोजनगृहाच्या दारातून जाताना वेटरचा सारा देह कसा बदलतो हे टिपले आहे, आणि गॉफमन यांनी त्या वर्णनाचा आधार घेतला आहे. ऑर्वेलच्या वेटरला आपल्या वाढप्यात ओळखणे कठीण नाही.

आपल्या पारंपरिक घराचीही रचना अशीच आहे. ओसरी, दिवाणखाना किंवा ओटी पुरुषांची व पाहुण्यांची. माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचे. चहा आतून बाहेर येतो, ट्रे आणणारी व्यक्ती बहुधा लगेच परतते. येथेही प्रश्न तोच. माजघरातल्या स्त्रीला ओसरीवर येण्याची मुभा केव्हा होती आणि ओसरीवरच्या पुरुषाला माजघरात जाण्यास कोणाची परवानगी लागत होती?

मोठ्या हॉटेलात मागचा भाग एखाद्या छोट्या गावाएवढा असतो. मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले. तेथे येणाऱ्या पाहुण्याला घुमटाखालचा भव्य जिना आठवतो. पण मुदपाकखाने, कोठीच्या खोल्या, नोकरांचे जिने आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटा यांची त्याला सहसा कल्पना नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा दर्शनी भागच सर्वांत धोक्याचा ठरला. कर्मचाऱ्यांनी अनेक पाहुण्यांना स्वयंपाकघरांतून आणि आतल्या वाटांनी सुरक्षित जागी नेले. ज्या वाटा पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून आखल्या होत्या, त्याच त्यांच्या सुटकेच्या वाटा झाल्या. हे करीत असताना स्वयंपाकघरातील काही कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांना बाहेर पडण्याच्या वाटा पाहुण्यांपेक्षा अधिक ठाऊक होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवूनच त्या रात्रीचा विचार करावयास हवा.

७.३.४ रंगमंदिर : घंटेपूर्वी आणि घंटेनंतर

आता पुन्हा रंगमंदिराकडे येऊ. हॉटेलात दोन जागांमध्ये दार असते, रंगमंदिरात दाराबरोबर काळही असतो. तिसऱ्या घंटेपूर्वी रंगमंच हा मागचाच भाग असतो. तेथे चपला घातलेली माणसे फिरतात, दिवे लावून पाहिले जातात, एखादा नट कोचावर बसून डबा खातो. तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि त्याच लाकडी फळ्या दर्शनी बनतात. मध्यंतरात पुन्हा उलट. जागा तीच, तिचा धर्म घंटेगणिक बदलतो.

प्रयोग चालू असताना विंगेत काय घडते याची कल्पना येण्यासाठी 'तो मी नव्हेच' या आचार्य अत्रे यांच्या नाटकाचे उदाहरण घेता येईल. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकरांनी एकाच भामट्याची निरनिराळी रूपे रंगवली, आणि दृश्ये झपाट्याने बदलावीत म्हणून फिरत्या रंगमंचाचा वापर केला गेला. प्रेक्षकाला दिसतो तो क्षणात पालटणारा लखोबा लोखंडे. या पालटामागे वेश हातात धरून उभी असलेली माणसे, वेळेवर फिरणारा मंच आणि अंधारात आपली जागा चुकू न देणारे हात असतात. यांपैकी एक हात दोन क्षण उशिरा आला तर भामट्याची सारी हुशारी फुकट जाते. असे असूनही आपल्या नाट्यसमीक्षेत या हातांसाठी शेवटचा अर्धा परिच्छेद राखलेला असतो. 'इतर तांत्रिक बाजू ठीक' हे वाक्य तुम्ही किती परीक्षणांत वाचले आहे ते आठवून पाहा.

सर्वच रंगप्रकारांत ही भिंत सारखी जाड नसते. कोकणातल्या दशावतारात नट स्वतःच आपले तोंड रंगवतो, देवळाच्या आसपास मिळेल त्या आडोशाला पेट्या उघडून बसतो, आणि गावची मुले ते पाहत उभी असतात. रंगमंचावर एक बाकडे एवढेच सामान. रंगणारा माणूस देव होताना पाहिल्यामुळे त्या देवावरचा प्रेक्षकाचा विश्वास कमी होत नाही. भ्रम टिकवण्यासाठी मागची बाजू लपवलीच पाहिजे, हे गृहीतक चौकटीच्या रंगमंचाचे आहे. ते सार्वत्रिक समजू नये.

एक गोष्ट व्यवहाराची. मराठी व्यावसायिक नाटकात मानधन बहुधा 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगागणिक ठरते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा प्रयोग थांबले आणि त्याबरोबर नाइटही थांबली. नावाजलेल्या नटाला मालिका, चित्रपट यांचा आधार मिळण्याची शक्यता होती. कपडेपट सांभाळणारा, फ्लॅट उभे करणारा, रंगभूषा करणारा यांची मिळकत मात्र थेट पडद्याच्या दोरीला बांधलेली होती. त्या काळात रंगमंच कामगारांसाठी मदत गोळा करण्यात आली, आणि ती करताना ही माणसे नक्की किती आणि कोण, हा प्रश्न अनेकांनी प्रथमच विचारला.

७.३.५ 'शांतता! कोर्ट चालू आहे' : मागच्या भागात भरलेले न्यायालय

विजय तेंडुलकर यांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. कथानक तुम्हाला परिचित असेल, तरी आपल्या विषयाच्या अंगाने ते पुन्हा पाहू. मुंबईहून एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी एका गावात आली आहे. कार्यक्रम रात्री आहे. नाटक घडते ते त्याआधीच्या वेळात, गावातल्या रिकाम्या सभागृहात. म्हणजे ज्या जागेला आपण दर्शनी म्हणतो तीच जागा, पण प्रेक्षक अजून आलेले नाहीत म्हणून ती मागच्या भागासारखी वापरली जात आहे. पात्रे पानसुपारी, थट्टामस्करी, एकमेकांच्या पाठीमागे कुचाळक्या यांत रमली आहेत. गॉफमन यांनी वर्णन केलेली मागच्या भागाची सारी लक्षणे येथे आहेत.

वेळ घालवण्यासाठी आणि सामंत या गावकऱ्याला न्यायालयाची रीत कळावी म्हणून एक खोटा खटला खेळायचे ठरते. आरोपी म्हणून लीला बेणारे हिची निवड होते. हळूहळू खेळात तिचे खाजगी आयुष्य ओढले जाते. ती निघून जाऊ पाहते तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. शेटलंडच्या हॉटेलातील दार आठवा. तेथे दारावरून भांडण तरी होऊ शकत होते. येथे बेणारेला भांडण्यासाठीसुद्धा दुसरी बाजू उरलेली नाही.

तेंडुलकरांचे नाटक गॉफमन यांच्या विवेचनाला महत्त्वाची पुरवणी जोडते. मागचा भाग हा मोकळेपणाचा, विसाव्याचा, हे विधान त्या चमूतील बरोबरीच्या माणसांपुरते खरे आहे. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे यांना तेथे विसावा मिळतो तो बेणारेच्या मोबदल्यात. प्रेक्षकांसमोर जे ते कधीही बोलले नसते ते येथे बोलतात, कारण पाहणारा कोणी नाही. दर्शनी भागातील संकोच हा केवळ ढोंग नसतो, दुबळ्या माणसासाठी तो कधीकधी संरक्षणही असतो. नजर हटली की ते संरक्षण हटते.

नाटकाचा शेवट या दृष्टीने पुन्हा वाचा. शिक्षा सुनावून झालेली आहे, बेणारे कोसळलेली आहे. तेवढ्यात दार उघडते आणि गावकरी डोकावून कार्यक्रम सुरू झाला का असे विचारतात. त्या क्षणी सर्व मंडळी भानावर येतात, चेहरे सावरतात, तिला समजावू लागतात की हा तर खेळ होता. प्रेक्षकाची चाहूल लागताच जागा पुन्हा दर्शनी झाली. काही क्षणांपूर्वीचे क्रौर्य कोणी नाकारतही नाही, ते फक्त आत राहून जाते. अभ्यासकांनी या नाटकाची चर्चा स्त्रीवर होणारा अन्याय, मध्यमवर्गाचा दांभिकपणा या अंगांनी पुष्कळ केली आहे आणि ती योग्यच आहे. त्याबरोबर नाटककाराने प्रसंगासाठी हीच जागा आणि हीच वेळ का निवडली, या प्रश्नाचे उत्तरही परीक्षेत तुम्हाला देता आले पाहिजे.

परदेशी रंगभूमीवरील एक तुलना जाता जाता. मायकेल फ्रेन यांच्या 'नॉइजेस ऑफ' (१९८२) या प्रहसनाच्या दुसऱ्या अंकात सारा देखावा उलटा फिरवलेला असतो आणि प्रेक्षक चालू प्रयोगाची मागची बाजू पाहतात. तेथे गोंधळातून हास्य निर्माण होते. मागची बाजू पुढे आणण्याचे तंत्र दोन्हीकडे आहे, तेंडुलकरांच्या हाती मात्र त्यातून भय निर्माण होते.

७.३.६ प्रयोग थांबता कामा नये?

आपल्या रंगपरंपरेत मागच्या भागाविषयीच्या कथा आहेत, पण त्या बहुधा त्यागाच्या आहेत. १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी सांगितले जाते की तमाशा चालू असताना त्या आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. या कथा सांगताना आपला आवाज गहिवरतो. तो गहिवर खोटा नसतो.

तथापि अभ्यासक म्हणून आणखी एक पाऊल पुढे टाकावे लागेल. या कथा कोण सांगतो? बहुतेक वेळा पुढे बसलेला. गरोदर स्त्रीला त्या रात्री नाचावे का लागले, राहुटीत तिच्याजवळ कोण होते, दुसऱ्या दिवशीची सुपारी सोडली असती तर फडाचे काय झाले असते, हे प्रश्न गहिवरात विरून जातात. त्याग म्हटले की व्यवस्थेचा हिशेब मागण्याची गरज उरत नाही. विठाबाईंची कला थोर होतीच, म्हणूनच तिच्यामागच्या राहुटीची चौकशी करणे हा तिचा अवमान नाही.

हाच प्रश्न आजही साध्या रूपात समोर येतो. दौऱ्यावर जाणाऱ्या अनेक नाट्यकर्मींची, विशेषतः स्त्री कलावंतांची, जुनी तक्रार रंगपटातील स्वच्छतागृहांविषयी आहे. दर्शनी दालनात फरशी चकाकत असते आणि आत नळाला पाणी नसते. वास्तूच्या उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना रंगपट दाखवण्याची पद्धत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

७.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'नेपथ्य' या शब्दाचे जुने व आजचे अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करा. हा शब्द पडद्याच्या मागून पुढे आला, असे का म्हटले आहे?

२. शेटलंडमधील हॉटेलच्या दाराविषयी वाढणाऱ्या मुलींचे व मालकांचे मत वेगळे का होते? तुमच्या मते त्यांपैकी कोणाची बाजू अधिक योग्य? सकारण लिहा.

३. 'मागचा भाग हा विसाव्याचा असतो' या विधानाची 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या आधारे चिकित्सा करा. उत्तरात नाटकाच्या शेवटच्या प्रसंगाचा उल्लेख आवश्यक आहे.

४. दशावतार आणि चौकटीच्या रंगमंचावरील नाटक यांत दर्शनी व मागच्या भागांचे नाते कसे वेगळे आहे?

७.५ उपक्रम

तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादे नाट्यगृह, मंगल कार्यालय, खानावळ अथवा तुम्ही स्वतः काम करीत असलेली जागा निवडा. संबंधितांची परवानगी घेऊन तेथे किमान दोन तास थांबा. पहिला तास दर्शनी भागात, दुसरा मागच्या भागात. वास्तूचा कच्चा नकाशा काढून त्यात दारे दाखवा. प्रत्येक दाराने कोण जाते, कोण जात नाही आणि ते कोण बंद करते याची नोंद ठेवा. दार ओलांडताना माणसाच्या बोलण्यात, चालण्यात, संबोधनात काय बदल होतो ते शक्य तितक्या त्याच शब्दांत टिपा. मात्र कोणाचे नाव लिहू नका. या नोंदींवरून सुमारे ५०० शब्दांचे टिपण तयार करून पुढील संपर्कसत्रात आणावे. तुम्ही त्याच जागी नोकरी करीत असाल तर टिपणात तसे स्पष्ट नमूद करा, आणि पुढच्या बाजूला तासभर बसून आपलीच कामाची जागा ग्राहकाच्या नजरेने पाहताना काय वाटले, तेही लिहा.